मामीच्या दोराला पिल्लू

मोठी बोट रिव्हर्समध्ये टाकण्याआधी मागचा दोर आखडून घ्यायचा असतो, हे मामीने मला इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी शेवटी मी ते ऐकतच नव्हतो, नुसती मान डोलवत होतो. माझी मान उपजतच आज्ञाधारक आहे. डोक्याचं आणि तिचं मात्र वर्षानुवर्षं बोलणं नाही. तेव्हा त्या सकाळी मी ऐटीत दांडा मागे खेचला. बोट मागे सरकली. मागे बांधलेल्या छोट्या बोटीचा दोर ढिला पडून पाण्यात बुडाला आणि इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याने तो रिळावर दोरा घ्यावा तसा स्वतःभोवती गुंडाळून घेतला. इंजिनाला एक उचकी लागली आणि ते गप्प झालं. छोटी बोट काही गप्प राहिली नाही. दोराला ओढ बसताच, रुसलेलं पोर एकदम आईकडे धावावं तशी ती सरळ आली आणि मोठीच्या पाठीवर धाडकन आदळली.

धक्क्यावर ज्यांना काम नव्हतं ते बघायला जमले. ज्यांना होतं तेही जमले.

मामी समोरच्या आपल्या दुकानातून आली. गळ्यात मापाची टेप, ओठांत सुया. तिने सुया काढून माझ्या शर्टात खोचल्या, चपला काढल्या, कॅनव्हास कापायचा सुरा घेतला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली. साठी उलटलेली बाई, पण पाण्यात अशी उतरली की जणू माळ्यावरून पातेलं काढायला स्टुलावर चढतेय. थोड्या वेळाने दोराचे तुकडे एकेक करून वर येऊ लागले. तो जाड, पांढराशुभ्र दोर मीच कौतुकाने आणला होता. शेवटचा तुकडा माझ्या हातात कोंबत मामी म्हणाली, "घे. कंदिलाच्या वाती कर."

मामी म्हणजे बोटींना कपडे शिवणारी बाई. कव्हरं, गाद्या, सावलीची छतं, जे काही कॅनव्हासचं असेल ते. तरुणपणी ती इस्पितळात गाद्यांच्या खोळी शिवायची. तिथलं गिऱ्हाईक तक्रार करण्याच्या अवस्थेत नसे, त्यामुळे टीका ऐकून घ्यायची सवय तिला कधी लागलीच नाही. पुढे धक्क्यासमोर एका खोलीचं दुकान टाकलं. अर्ध्या खोलीत तिचं दणकट शिलाई मशीन, उरलेल्या अर्ध्यात खिडकीपाशी मामांचं टेबल. मामा घड्याळं दुरुस्त करायचे. मशीन सुरू झालं की अख्खी जमीन हादरे. त्या हादऱ्यांमुळे आपली घड्याळं पुढे-मागे होतात, असं मामांचं म्हणणं. हादऱ्यांमुळेच ती निदान चालतात, असं मामीचं.

बोटींकडे ती शिंप्याच्याच नजरेने बघते. धक्क्यावरून माझ्याबरोबर चालताना हळूच सांगेल, ही कमरेत सुटलीय, त्या पलीकडचीचे खांदे पडलेत, मालक वरचेवर रंग लावतो पण वय काय लपतंय. मोठी बोटही तिने अशीच मिळवली. गाद्यांची मापं घ्यायला म्हणून गेली, तर मालकाला गाद्या नको होत्या, खरं म्हणजे बोटच नको होती. मामी मापं घेऊन परत आली ती बोट घेऊनच. मामांनी घाबरून विचारलं की एवढी मोठी बोट ठेवायची कुठे. मामी म्हणाली, पाण्यात.

बोट चालवायला ती सगळ्यांना विचारत शिकली, आणि ऐकलं कुणाचंच नाही. मग उन्हाळ्यातल्या रविवारी ती दोघं सरोवराच्या मध्यावरच्या बेटावर जाऊ लागली. बेट म्हणजे झाडं, खडक आणि शांतता, बस. मामांना ते एवढं आवडायचं की तिकडे जाताना ते हातातलं घड्याळ काढून ठेवायचे.

पुढे मामांचे गुडघे त्यांच्या आधी निवृत्त झाले. बेटाला धक्का नाही आणि काठाला पाणी उथळ, तेव्हा मोठी बोट लांब नांगरून छोट्या होडीने उतरावं लागतं. आधी एक रबरी होडी होती. ती टपावर ठेवून न्यायची आणि तिथे पाण्यात सोडायची. पण मामांना त्या डुगडुगत्या होडीतून चढवणं-उतरवणं म्हणजे कपाट जिन्यावरून नेण्यासारखं झालं. म्हणून मामीने ठेंगणी, रुंद, बसकी, इंजिनवाली छोटी बोट घेतली. तिच्यात मामा पायरी उतरावी तसे उतरू शकत. हेच ते पिल्लू. मोठीच्या टपावर चढवायला ते जड, आणि मधल्या लाटांतून एकट्याने जायला लहान. म्हणजे ओढूनच न्यायचं. आणि तिथेच तर घोडं अडत होतं. गेल्या हंगामात पिल्लू वाटेत एकदा उलटलं होतं, एकदा पाण्याने भरलं होतं. यंदा मोसमाच्या पहिल्याच सरावाला मी त्याचा दोर पंख्यात घातला.

हा सगळा सोहळा धक्क्यावरून बघणाऱ्यांत दातांचे डॉक्टर होते. त्यांना सगळे दंतोपंत म्हणतात, तोंडावरसुद्धा, कारण तोंड उघडून बसलेल्या माणसाला आपण काय म्हणतोय ते नीट उच्चारता येत नाही असा त्यांचा समज आहे. दंतोपंतांचा मोठीवर कित्येक वर्षांपासून डोळा. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाढ काढण्यापूर्वीच्या मऊ आवाजात म्हणाले, आता पुरे करा, हिला सांभाळणारा माणूस हवा.

मामा सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले, आणि तेही दंतोपंतांवर नाही, स्वतःच्या गुडघ्यांवर. म्हणाले, "या रविवारी पिल्लू बेटापर्यंत धड पोचलं नाही, तर बोट तुमची. मग मी पाण्याचं नाव काढणार नाही. बाल्कनीत बसून राहीन."

सगळ्यांनी मामीकडे पाहिलं, कारण बोट तिच्या नावावर. ती वेणी पिळून पाणी काढत होती. म्हणाली, "बरं."

मामीचं 'बरं' म्हणजे दगडावरची रेघ. एका गिऱ्हाइकाला ती चुकून जांभळ्या गाद्यांना 'बरं' म्हणून गेली होती. रंगाकडे बघवेना म्हणून तिने डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्या शिवल्या, पण जांभळ्याच शिवल्या. तेव्हा मामा त्या दिवशी आले ते थेट कोचावर बसले आणि छताकडे बघत राहिले. घरात मला कुणी काही बोललं नाही. त्यापेक्षा बोललेलं परवडतं.

त्या आठवड्यात मामीने मला दुकानात समोर बसवून घेतलं आणि शिवता शिवता माझी शाळा घेतली. या वेळी मान डोलावणं मंजूर नव्हतं. प्रत्येक गोष्ट उलट म्हणून दाखवायची. दोर पिवळा, तरंगणारा. बुडणारा दोर पंख्याला आवडतो, हे तुझ्या कृपेने कळलंच आहे. मोठीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना खुंट आहेत, दोघांनाही दोर बांधायचा आणि मध्ये कडी, म्हणजे ओढ एका खांद्यावर येत नाही. पिल्लूला बांधायचं ते नाकाखालच्या कडीत. वेसण खालीच असते. वर बांधलीस तर ते नाक पाण्यात खुपसतं. पिल्लूचं इंजिन वर उचलून ठेवायचं. सामान मागे, नाक हलकं. आणि दोर किती सोडायचा? मामीने मशीन थांबवलं. मोठी चालली की तिच्या मागे लाटा उठतात, त्यातल्या दुसऱ्या लाटेच्या पाठीवर पिल्लू बसलं पाहिजे. लाटेच्या पोटावर सोडलंस तर घसरत येऊन आपल्याला धडक देतं, पाठीवर असलं की शहाण्यासारखं चढत राहतं.

मामांनी खिडकीतून विचारून बघितलं की आपण पिल्लूतच बसून आलो तर. निदान त्याच्यावर लक्ष राहील. ओढायच्या बोटीत माणूस बसवायचा नसतो, असं मामीने सांगितलं. मामांनी आणखी एकदा विचारलं. तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला बिनदोराचं ओढलं. आता कशाला सवय बिघडवता?"

शिवाय तिने पिल्लूला नवं कव्हर शिवलं. गेल्या वर्षी उडालेल्या पाण्याने ते भरलं होतं, तेव्हा आता थेंब आत जाता कामा नये. निळं कापड, पांढरा गोट, कडेने इतकं तंग बसलेलं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजे. शिवण आतून टोचायला तिची जुनी आरी होती. तिची लाकडी मूठ हाताने घासून घासून काचेसारखी झालेली, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. त्या आरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसे. मी एकदा तिने नारळ फोडायला गेलो होतो. तो विषय आमच्या घरात निघत नाही.

रविवारी सकाळी पिल्लू धक्क्याच्या उतारावर, बोट ठेवायच्या चाकांच्या गाडीवर कव्हर घालून तयार होतं. आम्ही ते तसंच पाण्यात सोडलं, कडीत दोर अडकवला आणि निघालो. दंतोपंत साक्षीदार म्हणून बरोबर आले होते. येताना मापाची टेप घेऊन आले. मामी सुकाणूवर, मामा मागे गादीच्या खुर्चीत पाय लांब करून पिल्लूकडे तोंड करून बसलेले, मी दोराशी, आणि दंतोपंत खाली केबिनमध्ये कपाटं उघडून बघतायत. मधूनच वर येऊन विचारत, हा पडदा बदलता येईल का? इथे छोटा फ्रिज बसेल का? मामी म्हणाली, बसेल, तुमच्या दवाखान्यात.

मी हप्त्याहप्त्याने दोर सोडला. पहिली लाट गेली, दुसरीच्या पाठीवर पिल्लू चढलं आणि तिथेच राहिलं. काय सुरेख येत होतं म्हणून सांगू. निळंशार, गुळगुळीत, मान वर. धक्का लहान होत गेला, वाऱ्याला जोर आला, तरी पिल्लू आपलं लाटेच्या पाठीवर. मामांचा चेहरा उजळला. दंतोपंतांनी टेप खिशात ठेवली. मामी मागे वळून वळून बघत होती, पण पिल्लूकडे नव्हे, कव्हरच्या शिवणीकडे. म्हणाली, बघा कसं नाक वर करून येतंय.

आणखी थोडं गेल्यावर ते नाक जरा जास्तच वर झालं. मग तर आकाशाकडेच बघायला लागलं. दोर तारेसारखा ताणला गेला आणि कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा थरथरू लागला. मामीने सुकाणू डावीकडे, उजवीकडे फिरवून पाहिलं. बोट जडावल्यासारखी वळत होती. तिने वेग हळूहळू कमी केला, गिअर न्यूट्रलवर आणला आणि मला म्हणाली, "ओढून घे. ढिला सोडू नकोस."

या वेळी मी ऐकलं. हातावर हात टाकत ओला दोर पायाशी गोळा केला. पिल्लू जवळ आलं तेव्हा त्याची पाठ जवळजवळ पाण्याला टेकली होती. मी कव्हरची कड सोडवली. आत तळं साचलं होतं. त्यात बिस्किटांचा डबा आणि मामांची एक चप्पल सावकाश फिरत होती. त्या सुंदर कव्हरने बाहेरचा थेंब आत येऊ दिला नव्हता, आणि आतलं पाणी आम्हाला दिसूही दिलं नव्हतं.

मामीने मामांकडे पाहिलं. "अहो, बूच लावलंत ना?"

पिल्लूच्या पाठीला खाली एक भोक आहे, बोट गाडीवर असताना आतलं पाणी गळून जावं म्हणून. त्याला पितळी बूच. मामा घड्याळजी. सुटा भाग कुठेही पडू द्यायचा नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम. रोज बूच काढायचं, पुसायचं आणि खिशात जपून ठेवायचं.

"बूच अगदी सुरक्षित आहे," मामा म्हणाले, आणि खिशात हात घातला. डोळ्याला लावायचं भिंग निघालं. घड्याळाचा पट्टा निघाला. गुडघ्याची गोळी निघाली, तिला चिकटलेली दुसरी निघाली. मग मामांनी आपल्या पँटकडे नीट निरखून पाहिलं, जणू आत्ताच कुणी ओळख करून दिली होती. म्हणाले, "ही आजची. बूच कालचीत आहे."

पिल्लू आणखी थोडं बसलं. मामांनी हळूच पाय आखडून घेतले आणि दंतोपंतांकडे न बघता म्हणाले, दोर सोडून द्या, आता त्याच्यामागे कुणी बुडायला नको, बोट तुमची झाली. त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. दुकान बंद करताना कुलूप लावून झाल्यावर माणूस एकदा ओढून बघतो, तसा होता.

मामी म्हणाली, "कुणी काही सोडायचं नाही. तू उतर."

'तू' म्हणजे मी. मी पोहतो, पण जिथे पाय टेकतात तिथे. पिल्लूत उतरलो तर गुडघाभर पाणी. बादलीने उपसायला लागलो. भोकातून पाणी त्याच आस्थेने आत येत होतं. मामीने पिल्लू फिरवून त्याची पाठ मोठीच्या मागच्या फळीशी आणली आणि आत गेली. बाहेर आली ती हातात आरी आणि कॅनव्हासची पट्टी घेऊन. आरीचं लोखंड तिने कठड्यावर ठोकून मुठीतून उपटलं आणि सुऱ्याने ती मूठ तासायला घेतली.

आता दंतोपंतांचं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. त्यांनी त्या वेळी फक्त उभं राहायचं होतं. बोट आपसूक त्यांची होत होती. ते उभे होतेही. पण त्यांची नजर त्या भोकावर गेली आणि तिथेच अडकली. चाळीस वर्षं रोज सकाळी उठून भोकं बुजवलेला माणूस तो. त्यांनी बाह्या वर सारल्या. फळीवर पोटावर आडवे झाले. पाण्यात हात घालून बोटाने भोकाची कड चाचपली आणि 'हं' म्हणाले. तो 'हं' ऐकून आजवर अख्ख्या धक्क्याच्या पोटात गोळा आलेला आहे.

"पुढे सरका," ते मला म्हणाले. मी पुढे सरकलो. पिल्लूची पाठ जराशी वर उचलली गेली. "आणखी. असंच राहा. हलू नका." मी सवयीने तोंड उघडलं.

मामीने तासलेली मूठ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भोकाला लावून बघितली आणि परत दिली. "उंच बसतेय. उजवीकडून घासा." मामीने घासली. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाचं तरी ऐकलं. दुसऱ्यांदा त्यांनी कॅनव्हासची पट्टी मागून घेतली, मुठीभोवती दोन वेढे दिले, हळूहळू फिरवत ती आत सरकवली आणि चपलेच्या टाचेने ठोकली. मग बोटाने कड तपासली. "आता लाकूड पाणी पिऊन फुगेल," ते म्हणाले. "दोन तास काही खाऊ नका."

पाणी यायचं थांबलं. मी उपसत राहिलो. दंतोपंत उठून बसले, हात पुसले, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी केबिनकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं. मामा हसायला लागले ते खुर्चीतून घसरेपर्यंत. शेवटी दंतोपंतही हसले. त्यांचे स्वतःचे दात किती वाईट आहेत ते तेव्हा कळलं.

पुढचा रस्ता पिल्लू लाटेच्या पाठीवर शहाण्यासारखं आलं. कव्हर मामीने माझ्या हातून गुंडाळून घेतलं आणि त्याच्याकडे परत पाहिलं नाही. बेटाजवळ वेग कमी करण्याआधी मीच न सांगता दोर आखडला. कुणी शाबासकी दिली नाही. नांगर पडला. मामा मागच्या फळीवरून पिल्लूत असे उतरले की जणू दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर आले. उचलून ठेवलेलं इंजिन खाली सोडलं, ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. काठावर मामा जाऊन खडकावर बसले, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले. दंतोपंत पिल्लूजवळ घुटमळत होते. अधूनमधून वाकून आपलं काम चाचपून बघत होते.

मामी वाळूवर पिवळा दोर गुंडाळत बसली होती. शेजारी आरीचं लोखंड पडलं होतं, मूठ नसलेलं. मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांची ती आरी, आणि पलीकडे मामांचा तो समाधानी चेहरा. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो की मामी, तू बोलत नाहीस, पण आज कळलं. जिवापाड जपलेली वस्तू तू मामांसाठी एका क्षणात मोडून टाकलीस.

मामीने दोराचा वेढा घट्ट ओढला.

"त्यांच्यासाठी कसली? घरी बसले असते तर दिवसभर मलाच हाका मारल्या असत्या."